डोरोथी हॉजकिन

डोरोथी मेरी क्रोफुट हॉजकिन (१२ मे, १९१०, कैरो – २९ जुलै, १९९४, इल्मिंग्टन, इंग्लंड) या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व स्फटिकवैज्ञानिक होत्या. क्ष-किरणांच्या विवर्तनाच्या साहाय्याने त्यांनी पेनिसिलिन, ब१२ जीवनसत्त्व आणि इन्सुलिन या जीवनावश्यक पदार्थांच्या रेणूंची संरचना उलगडली. यांपैकी पेनिसिलिन व ब१२ जीवनसत्त्व यांवरील कार्यासाठी त्यांना १९६४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. विज्ञानातील नोबेल मिळविणाऱ्या त्या आजवरच्या एकमेव ब्रिटिश महिला होत. गणित, संयम आणि रसायनांची उत्तम जाण यांच्याइतकाच त्यांच्या यशात स्फटिकाच्या पारखेचा वाटा होता. कोणता स्फटिक क्ष-किरणांसमोर धरण्याच्या योग्यतेचा आहे, तो कसा वाढवावा आणि कसा जपावा, हे प्रश्न त्यांच्या साठ वर्षांच्या संशोधनात पुनःपुन्हा उभे राहिले.

बालपण

डोरोथी यांचे वडील जॉन विंटर क्रोफुट हे इजिप्त व सुदान येथील शिक्षण खात्यात अधिकारी होते. पुढे ते पुरातत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. आई ग्रेस मेरी उर्फ मॉली या प्राचीन वस्त्रविद्येच्या अभ्यासक होत्या. चार बहिणींत डोरोथी थोरल्या. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर लहान मुलींना इंग्लंडमध्ये ठेवून आईवडिलांना पूर्वेकडे परतावे लागले. त्यामुळे त्यांच्या बालपणाचा मोठा काळ आईवडिलांच्या सहवासाविना गेला. पुढे कुटुंबाने इंग्लंडच्या पूर्व भागातील गेल्डस्टन या गावी घर केले.

वयाच्या दहाव्या वर्षी शाळेत त्यांना तुरटी व मोरचूद यांच्या द्रावणांपासून स्फटिक तयार करण्यास शिकविण्यात आले. भांड्यातील पाणी हळूहळू आटते आणि तळाशी, कोणी न घडविता, सपाट पैलूंचे निळे खडे उमटतात, या दृश्याने त्यांच्या मनाची कायमची पकड घेतली. १९२३ साली आईवडिलांकडे खार्टूमला गेल्या असता बागेतील प्रवाहाच्या वाळूत त्यांना एक काळे चकचकीत खनिज सापडले. मृदारसायनज्ञ ए. एफ. जोसेफ यांच्या मदतीने त्यांनी त्याचे परीक्षण केले, तेव्हा ते लोह व टायटॅनियम असलेले इल्मेनाइट असल्याचे निष्पन्न झाले. जोसेफ यांनी दिलेल्या साहित्यावर त्यांनी घराच्या माळ्यावर छोटी प्रयोगशाळा मांडली. बेकल्स येथील सर जॉन लेमन शाळेत रसायनशास्त्र हा मुलांचा विषय मानला जाई. डोरोथी व त्यांची एक मैत्रीण अशा दोघींनाच मुलांसोबत तो शिकण्याची परवानगी मिळाली. याच काळात आईने त्यांना विल्यम हेन्री ब्रॅग यांचे एक पुस्तक भेट दिले. क्ष-किरणांनी स्फटिकातील अणूंची मांडणी ओळखता येते, हे त्यांना प्रथम त्या पुस्तकातून कळले.

शिक्षण

१९२८ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी त्यांनी जेराश येथील उत्खननात आईवडिलांना साहाय्य केले. प्राचीन चर्चच्या फरशीवरील नक्षीची मापे घेऊन ती कागदावर उतरविण्याचे काम त्यांच्याकडे होते. एकच आकृती ठरावीक अंतराने कशी पुनरावृत्त होते, हे डोळ्यांनी टिपण्याची सवय त्यांना येथे लागली. स्फटिकातही हेच घडते. फरक इतकाच, की तेथे फरशीच्या जागी अवकाशाच्या तिन्ही दिशा असतात आणि रंगीत तुकड्यांच्या जागी रेणू असतात. ऑक्सफर्डमध्ये एच. एम. पॉवेल यांच्या हाताखाली त्यांनी थॅलियमच्या संयुगांवर क्ष-किरणांनी संशोधन केले आणि १९३२ साली प्रथम वर्गात पदवी मिळविली. त्यानंतर केंब्रिजला जे. डी. बर्नल यांच्या प्रयोगशाळेत स्टेरॉल वर्गातील पदार्थांच्या स्फटिकांचा अभ्यास करून १९३७ साली त्यांनी डॉक्टरेट संपादन केली.

स्फटिकाचा आकार आणि गुणवत्ता

हॉजकिन यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी या शास्त्राची मूळ अट लक्षात घ्यावी लागते. एकट्या रेणूवरून विखुरणारे क्ष-किरण मोजता येणार नाहीत इतके क्षीण असतात. स्फटिकात असंख्य रेणू एकाच रीतीने रांगेत रचलेले असल्याने त्यांच्यावरून विखुरलेले किरण ठरावीक दिशांना एकमेकांना बळ देतात आणि छायाचित्रपट्टीवर ठिपक्यांची नियमित आकृती उमटते. ठिपक्यांच्या जागांवरून रचनेचे माप कळते, तर त्यांच्या कमीअधिक तीव्रतेवरून अणूंची स्थाने शोधता येतात. रांगा जितक्या शिस्तीच्या, तितके ठिपके रेखीव आणि तितकेच ते मध्यापासून दूरवर पसरलेले. रांगा विस्कटलेल्या असतील, तर दूरचे ठिपके नाहीसे होतात आणि त्यांच्यासोबत अणूंचा तपशीलही हरवतो.

स्फटिकाच्या बाह्य आकारावरून आतील सममितीचा अंदाज बांधता येतो. षट्कोनी किंवा घनाकृती पैलू हे आतील मांडणीचेच बाह्य रूप असते. परंतु रेखीव पैलू म्हणजे उत्तम स्फटिक, असे मात्र नाही. दोन स्फटिक एकमेकांत मिसळून वाढलेले असू शकतात. पातळ पापुद्रे एकावर एक बसून एकसंध खड्याचा आभास होऊ शकतो. सुयांसारखे लांब व बारीक स्फटिक दिसायला सुबक असले तरी मापनाला अपुरे पडतात. म्हणून निवडलेला स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात फिरवून पाहतात. सर्वसाधारण एकसंध स्फटिक ठरावीक कोनांवर संपूर्णपणे एकाच वेळी काळोखतो, तर जोडलेला स्फटिक तुकड्यातुकड्याने काळोखतो. अशा कसोटीला उतरलेला, मिलिमीटरच्या काही दशांश भागांइतका स्फटिक सामान्यतः पुरेसा ठरतो.

असा स्फटिक मिळविण्याचे मुख्य सूत्र म्हणजे मंदगती. साखरेचा गाढ पाक दोऱ्याभोवती दिवसेंदिवस निवत ठेवला तर खडीसाखरेचे मोठे पैलूदार खडे मिळतात, पण तोच पाक भराभर घोटला तर भुकटी होते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सापडणारे अपोफिलाइट व स्टिल्बाइट यांचे देखणे स्फटिकही द्रावणातून सावकाश वाढलेले आहेत. प्रथिनांच्या बाबतीत अडचण अधिक बिकट असते. प्रथिनांचे रेणू मोठे व ओबडधोबड असल्याने त्यांच्या स्फटिकात बरीच पोकळी राहते आणि ती द्रवाने भरलेली असते. स्फटिकाचा साधारण ३० ते ७० टक्के भाग हा द्रव व्यापतो. तो उडून गेला की रेणूंच्या रांगा कोसळतात.

पेप्सिनचा धडा

१९३४ पर्यंत प्रथिनांच्या स्फटिकांपासून उपयुक्त विवर्तनचित्र मिळाले नव्हते. त्या वर्षी स्वीडनमधील उप्साला येथे जॉन फिलपॉट यांनी पेप्सिन या पाचक विकराचे द्रावण शीतपेटीत ठेवले आणि ते सुट्टीवर गेले. परतल्यावर त्यात सुमारे दोन मिलिमीटर लांबीचे, दोन्ही टोकांना निमुळते, षट्कोनी स्फटिक वाढलेले आढळले. ग्लेन मिलिकन यांनी ते परीक्षानळीत, मूळ द्रवासहित, केंब्रिजला बर्नल यांच्याकडे आणले. बाहेर काढलेल्या कोरड्या स्फटिकाने पट्टीवर अस्पष्ट काळपटपणाखेरीज काही उमटविले नाही, जरी त्याचे पैलू होते तसेच दिसत होते. द्रवाबाहेर येताच स्फटिकाचे प्रकाशीय गुण मंदावतात, हे बर्नल यांनी सूक्ष्मदर्शकातून टिपले. त्यांनी मूळ द्रवासह ओला स्फटिक काचेच्या केशनलिकेत बंद केला आणि पुन्हा चित्र घेतले. या वेळी पट्टीवर स्पष्ट ठिपके उमटले.

त्या दिवशी डोरोथी प्रयोगशाळेत नव्हत्या. हातांच्या सांध्यांतील वेदनांसाठी त्या वैद्यकीय तपासणीस गेल्या होत्या. परतल्यावर पुढील चित्रे घेण्याच्या कामात त्या सहभागी झाल्या आणि बर्नल व क्रोफुट या दोघांच्या नावे हा शोध नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पहिल्या चित्राचे श्रेय त्या नेहमी बर्नल यांनाच देत. प्रथिनांच्या रेणूंना निश्चित संरचना असते आणि ती क्ष-किरणांनी शोधता येईल, ही आशा या प्रयोगाने निर्माण केली.

इन्सुलिनचा पहिला टप्पा

१९३४ साली डोरोथी ऑक्सफर्डला परतल्या. तेथील प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांच्या उपकरणांसाठी अर्थसाहाय्य मिळवून दिले आणि बूट्स या औषधकंपनीकडून आलेले सुमारे १० मिलिग्रॅम स्फटिकी इन्सुलिन त्यांच्या हाती दिले. मूळ स्फटिक अतिशय बारीक होते. इन्सुलिनच्या स्फटिकीकरणास जस्ताची आवश्यकता असते, हे टोरांटोच्या डी. ए. स्कॉट यांनी नुकतेच दाखविले होते. त्या रीतीने डोरोथी यांनी इन्सुलिन पुन्हा विरघळवून, द्रावण अत्यंत सावकाश निववून मोठे स्फटिक वाढविले. पट्टीवर ठिपक्यांची आकृती उमटलेली पाहिल्यावर त्या आनंदाच्या भरात रात्री उशिरापर्यंत ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून फिरत राहिल्या.

हे स्फटिक हवेत वाळविलेले होते. पेप्सिनप्रमाणे ते पूर्णपणे कोसळले नाहीत. त्यामुळे १९३५ साली त्यांना इन्सुलिनवरील आपला पहिला स्वतंत्र निबंध प्रसिद्ध करता आला. तथापि वाळलेल्या स्फटिकातून मिळणारी माहिती मर्यादित होती. १९३९ साली डेनिस रायली यांच्यासह त्यांनी ओल्या स्फटिकांची चित्रे घेतली. ती अधिक समृद्ध ठरली. मात्र ठिपके मिळाले तरी त्यांवरून एवढ्या मोठ्या रेणूची संरचना काढण्याची पद्धत त्या वेळी अस्तित्वात नव्हती. इन्सुलिनचा प्रश्न बाजूला ठेवून त्यांना लहान रेणूंकडे वळावे लागले.

त्यांची प्रयोगशाळा विद्यापीठ संग्रहालयाच्या इमारतीच्या तळघरातील खोलीत होती. ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक वरच्या सज्जात, उंच खिडकीपाशी होता. एका हातात मौल्यवान स्फटिक सांभाळत त्यांना शिडीने वर चढावे लागे.

विवाह व आजारपण

डिसेंबर १९३७ मध्ये त्यांचा विवाह थॉमस हॉजकिन यांच्याशी झाला. थॉमस प्रौढशिक्षणाचे कार्य करीत असत आणि पुढे आफ्रिकेच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून मान्यता पावले. या दांपत्यास ल्यूक, एलिझाबेथ व टोबी ही तीन मुले झाली. १९३८ साली पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर डोरोथी यांना आमवाताचा तीव्र झटका आला. तेव्हा त्यांचे वय २८ वर्षांचे होते. उपचारांनी हालचाल बऱ्याच अंशी परत आली, तरी हातापायांचे सांधे कायमचे वाकडे झाले. क्ष-किरण यंत्राचा मुख्य खटका दाबणे अशक्य झाल्यावर त्यांनी त्याला लांब दांडा बसवून घेतला. केसाइतक्या बारीक काचतंतूच्या टोकावर स्फटिक चिकटविण्याचे नाजूक काम मात्र त्याच बोटांनी चालू राहिले.

पेनिसिलिन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डमध्येच हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व त्यांचे सहकारी पेनिसिलिनवर काम करीत होते. औषध कृत्रिमरीत्या तयार करावयाचे तर रेणूची रचना ठाऊक असणे आवश्यक होते. परंतु ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या पेनिसिलिनचे क्षार स्फटिकरूप घेत नव्हते. १९४३ साली अमेरिकेत स्क्विब कंपनीच्या प्रयोगशाळेत बेंझिलपेनिसिलिनच्या सोडियम क्षाराचे स्फटिक प्रथम मिळाले. अमेरिकी पेनिसिलिन रासायनिकदृष्ट्या किंचित वेगळे होते, हे त्यामुळे उघड झाले. १९४४ साली काही मिलिग्रॅम स्फटिक इंग्लंडला आले आणि हॉजकिन व बार्बरा लो यांनी काम हाती घेतले.

त्यांनी पोटॅशियम व रुबिडियम यांच्या क्षारांचे स्फटिक निवडले. या दोहोंत रेणूंची मांडणी एकसारखी असते. त्यामुळे केवळ जड अणू बदलल्याने ठिपक्यांत पडणारा फरक मोजता येतो. सोडियम क्षाराची मांडणी निराळी होती. नॉर्थविच येथे सी. डब्ल्यू. बन व त्यांचे सहकारी त्यावर स्वतंत्रपणे काम करीत होते. रेणूचा सर्वसाधारण आकार गृहीत धरण्यात आरंभी चूक झाली, पण दोन भिन्न मांडण्यांची परस्परांशी तुलना करता आल्याने ती दुरुस्त झाली. १९४५ साली निष्कर्ष हाती आला, की पेनिसिलिनच्या केंद्रस्थानी तीन कार्बन व एक नायट्रोजन यांचे चौकोनी बीटा-लॅक्टम कडे आहे.

हा निष्कर्ष वादग्रस्त होता. असे ताणलेले कडे स्थिर राहू शकत नाही, असे अनेक रसायनशास्त्रज्ञांचे मत होते आणि वेगळ्या रचनेचा पुरस्कार करणाऱ्यांत हॉजकिन यांना ज्यांनी पहिल्यापासून पाठबळ दिले ते रॉबिन्सनही होते. चेन व एडवर्ड अब्राहम यांनी बीटा-लॅक्टमची कल्पना मांडली होती, पण तिला पुरावा नव्हता. तो स्फटिकाने दिला. रासायनिक तर्काने न सुटलेला वाद क्ष-किरणांनी निकालात काढण्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते. युद्धकालीन गुप्ततेमुळे सविस्तर वृत्तांत १९४९ साली प्रसिद्ध झाला. १९४७ साली त्या रॉयल सोसायटीच्या सदस्य म्हणून निवडल्या गेल्या.

ब१२ जीवनसत्त्व

घातक पांडुरोगावर गुणकारी ठरलेले ब१२ जीवनसत्त्व १९४८ साली अमेरिकेत व इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे वेगळे करण्यात आले. ग्लॅक्सो कंपनीचे लेस्टर स्मिथ यांनी त्याचे गडद लाल स्फटिक हॉजकिन यांच्याकडे पाठविले. हायड्रोजन वगळता या रेणूत ९३ अणू आहेत. तोवर एवढ्या मोठ्या अज्ञात रेणूची रचना या पद्धतीने कोणी शोधली नव्हती. रेणूतील कोबाल्टचा अणू दिशादर्शक ठरला, पण तो एकटा पुरेसा नव्हता. केंब्रिजमध्ये ए. आर. टॉड यांच्या गटात जे. आर. कॅनन यांनी रेणूच्या गाभ्याचा एक लहान तुकडा स्फटिकरूपात मिळविला. जेनी पिकवर्थ व इतर सहकाऱ्यांसह त्या स्फटिकाचा अभ्यास केल्यावर गाभ्याची रचना स्पष्ट झाली. हिमोग्लोबिनमधील कड्याशी साम्य असलेले, परंतु एका कार्बन-दुव्याने कमी असे ते नवे कडे होते. अफाट आकडेमोडीसाठी अमेरिकेतील केनेथ ट्रूब्लड यांनी तेथील संगणकाचा उपयोग करून दिला. १९५६ साली संपूर्ण संरचना प्रसिद्ध झाली.

नोबेल पारितोषिक

१९६४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक केवळ त्यांना एकट्यांना जाहीर झाले. त्या वेळी त्या पतीसमवेत घानामध्ये होत्या. काही ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्यांचा उल्लेख शास्त्रज्ञ म्हणून करण्याआधी गृहिणी व माता म्हणून केला. १९६५ साली त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यानंतर हा सन्मान मिळविणाऱ्या त्या दुसऱ्या महिला होत.

इन्सुलिनचा उलगडा

फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम निश्चित केला होता. मॅक्स पेरुट्झ यांनी प्रथिनांच्या स्फटिकात जड अणू बसवून संरचना शोधण्याची वाट दाखविली होती. हॉजकिन यांच्या गटाने इन्सुलिनच्या स्फटिकातून जस्त काढून त्या जागी अन्य धातू बसविण्याचे प्रयत्न केले. ज्या द्रवभरल्या पोकळ्यांमुळे प्रथिनांचे स्फटिक नाजूक असतात, त्याच पोकळ्यांच्या वाटेने जड अणू आत शिरू शकतात. मात्र हे घडताना मूळ मांडणी ढळता कामा नये. गाय डॉडसन, एलिनॉर डॉडसन, टॉम ब्लंडेल, मार्गारेट अ‍ॅडम्स, टेड बेकर, एम. विजयन आदी तरुण सहकाऱ्यांसमवेत १९६९ साली २.८ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या तपशिलासह संरचना स्पष्ट झाली. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) पहिल्या छायाचित्रानंतर ३४ वर्षांनी ही रचना हाती आली होती.

स्फटिकात इन्सुलिनचे सहा रेणू दोन जस्त-अणूंभोवती एकत्र येतात, असे दिसून आले. स्वादुपिंडातील पेशीही इन्सुलिन जस्तासह याच रूपात साठवितात. टोचल्यानंतर सहा रेणूंचा हा समूह किती वेगाने सुटा होतो, यावर औषधाच्या परिणामाचा वेग अवलंबून असतो. मधुमेहावरील पुढील काळातील सुधारित इन्सुलिन घडविताना ही माहिती पायाभूत ठरली. १९८८ साली त्यांच्या गटाने १.५ अँगस्ट्रॉमपर्यंतचा अधिक सूक्ष्म वृत्तांत प्रसिद्ध केला.

विद्यार्थी आणि भारताशी संबंध

हॉजकिन यांच्या प्रयोगशाळेत अनेक देशांचे संशोधक काम करीत. ब्रिटनच्या पुढे पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी विद्यार्थिदशेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्फटिकांवर काम केले होते. ब१२ शी संबंधित एका संयुगाच्या संरचनेवर के. वेंकटेशन यांनी त्यांच्यासह संशोधन केले. इन्सुलिनच्या कार्यात सहभागी असलेले एम. विजयन मायदेशी परतल्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकविज्ञानाचे केंद्र उभे राहिले आणि भारतातील या शाखेचा पाया घातला गेला.

सार्वजनिक जीवन

युद्धविरोध व आंतरराष्ट्रीय सहकार्य यांवर त्यांची दृढ श्रद्धा होती. राजकीय मतांच्या संशयावरून १९५३ साली त्यांना अमेरिकेचा प्रवेश-परवाना नाकारण्यात आला. १९७६ ते १९८८ या काळात त्या अण्वस्त्रांविरुद्ध कार्य करणाऱ्या पगवॉश परिषदेच्या अध्यक्ष होत्या. १९७० ते १९८८ या काळात त्यांनी ब्रिस्टल विद्यापीठाचे कुलपतिपद भूषविले. जगापासून दुरावलेल्या चीनमधील शास्त्रज्ञांनी इन्सुलिनची संरचना स्वतंत्रपणे शोधली, तेव्हा त्यांनी १९७० च्या दशकात बीजिंगला जाऊन दोन्ही गटांचे नकाशे ताडून पाहिले आणि चिनी कार्याचा दर्जा पाश्चात्त्य जगापुढे मांडला.

अखेरचा काळ

१९७७ साली निवृत्त झाल्यावरही त्यांचे संशोधन थांबले नाही. १९९३ साली बीजिंगमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान परिषदेस, प्रकृती अत्यंत क्षीण असूनही, त्या चाकांच्या खुर्चीतून उपस्थित राहिल्या. पुढील वर्षी २९ जुलै, १९९४ रोजी इल्मिंग्टन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांनी संरचना उलगडलेले तिन्ही पदार्थ आज जगभर औषध म्हणून वापरात आहेत. नवे प्रथिन अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांतून आजही पहिला स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून पाहिला जातो आणि तो वाळू नये म्हणून मूळ द्रवासह जपला जातो.